नावाला जागायचे कोणी?

मराठी भाषेत 'नाव' या एका शब्दाभोवती जितके वाक्प्रचार जमले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाभोवती जमले असतील. मूल जन्मले की आपण त्याचे नाव ठेवतो. ते मोठे झाले की वडिलांचे नाव लावते. कर्तबगार निघाले तर घराण्याचे नाव काढते, न निघाले तर नाव बुडवते. नवी सून उखाण्यात नवऱ्याचे नाव घेते, आणि शेजारीपाजारी याला त्याला नावे ठेवीत बसतात. या सर्वांत वजनदार प्रयोग 'नावाला जागणे' हा होय. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या मिठाला जागावे आणि ज्याचे नाव धारण केले त्याच्या नावाला जागावे, अशी ही शिकवण आहे. परंतु येथेच एक अडचण उभी राहते. मीठ खाणाऱ्याने ते आपण होऊन खाल्लेले असते; नाव मात्र कोणी मागून घेतलेले नसते. बाराव्या दिवशी पाळण्याशी वाकून, कानाशी 'कुर्र' करून आत्याबाई जे नाव सांगतात, त्याविषयी पाळण्यातल्या जिवाचे मत कोणी विचारीत नाही, आणि विचारणे शक्यही नसते. अशा न मागता मिळालेल्या नावाला, आणि ते आजोबांचे किंवा पणजीचे असेल तर त्यामागच्या सगळ्या इतिहासाला, जागण्याची जबाबदारी त्या मुलावर टाकणे न्याय्य आहे काय? पूर्वजांचा मान राखण्यासाठी त्यांचे नाव नव्या बाळास द्यावे की नाही, आणि दिले तर त्या नावाचे ऋण कोणाच्या खात्यावर मांडावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या गावी राहणाऱ्या कुटुंबास हा प्रश्न फारसा टोचत नाही. तेथे आजोबांची आठवण ठेवण्याची इतर पुष्कळ साधने असतात. त्यांनी लावलेले झाड परसात उभे असते. त्यांना ओळखणारे दोन-चार वृद्ध पारावर बसलेले असतात. त्यांनी ज्या देवळात कीर्तने ऐकली त्या देवळात नातूही जातो. आम्हां बदलीवरच्या माणसांचे तसे नाही. आज शिलाँग, उद्या चेन्नई, परवा चंदीगड असा ज्यांचा संसार, त्यांना सरकारी निवासस्थानाच्या भिंतीत खिळा ठोकतानाही विचार करावा लागतो. मुलांची शाळा बदलते, शेजार बदलतो, खेळताना भांडायची भाषासुद्धा बदलते. बदलत नाही ते नाव. म्हणून परमुलखात मूल जन्मले की मराठी आईबाप आपले सारे गाव, सारे घराणे आणि मागे राहिलेली सारी माणसे त्या तीन-चार अक्षरांत भरू पाहतात. हा मोह स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक आहे म्हणून तो तपासून पाहू नये असे नव्हे.

आम्ही सध्या ज्या नगरात राहतो त्या चंदीगडात तर नावांचा विचार पावलोपावली सुचावा अशी रचना आहे. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, पंजाबास नवी राजधानी हवी झाली, आणि गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात हे शहर आधी कागदावर आखून मग जमिनीवर उभारले गेले. शहरास जवळच्या चंडीदेवीच्या देवळावरून नाव मिळाले. वस्त्यांना मात्र नावांऐवजी अंक देण्यात आले. पत्ता सांगायचा तो सेक्टरचा आकडा आणि घराचा आकडा यांत. मूळ आराखड्यात १३ हा अंक तेवढा अशुभ म्हणून गाळला होता. म्हणजे ज्यांनी नावांची कटकट टाळली, त्यांना आकड्यांचाही शकुन पाहावा लागला. तरी या आकड्यांनी नावे पुसली गेली नाहीत. जुन्या गावांपैकी बुडैल आज सेक्टर ४५ मध्ये आहे आणि अटावा सेक्टर ४२ मध्ये. पण रिक्षावाल्यास बुडैल म्हटले की तो आकडा विचारीत नाही. एखाद्या ठिकाणी पोहोचावयास आकडा पुरतो. ते ठिकाण आठवावयाचे असेल तर नाव लागते.

पूर्वजांचे नाव देण्याची आपली चाल फार जुनी आहे. व्याकरण कशासाठी शिकावे याची जी प्रयोजने पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी सांगितली आहेत, त्यांत मुलाचे नाव नीट ठेवता यावे हेही एक आहे. याज्ञिकांचा हवाला देऊन तो सांगतो की, जन्मानंतर दहा दिवस उलटल्यावर मुलाचे नाव ठेवावे. ते घोष वर्णाने सुरू व्हावे. त्यात मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतःस्थ वर्ण असावा. ते दोन किंवा चार अक्षरी असावे. मागील तीन पिढ्यांतील पुरुषांस अनुसरणारे असावे. आणि शत्रूकडे रूढ असलेले नसावे. या शेवटच्या दोन अटी एकमेकींशेजारी ठेवलेल्या आहेत हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपण कोणाचे आहो आणि कोणाचे नाही, ही दोन्ही विधाने नाव एकदमच करीत असते.

नाव म्हणजे असे विधान, किंबहुना दावा, हे आपल्या इतिहासातही दिसते. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव आणि बाजीरावांचे थोरले पुत्र पुन्हा बाळाजी, हा पेशव्यांच्या घरातला क्रम सर्वांस ठाऊक आहे. छत्रपतींच्या घराण्यातले उदाहरण याहून बोलके आहे. संभाजी महाराजांस १६८२ साली पुत्र झाला, त्याचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवण्यात आले. हेच पुढे शाहू महाराज म्हणून प्रसिद्धीस आले. राजाराम महाराज व ताराबाई यांच्या पुत्राचे नावही शिवाजीच. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू स्वदेशी परतले आणि गादीसाठी झगडा सुरू झाला, तेव्हा दोन्ही पक्षांकडे थोरल्या महाराजांचा नातू होता, आणि दोन्ही नातवांस पाळण्यात मिळालेले नाव थोरल्या महाराजांचेच होते. नावाने वारशाचा दावा सांगता येतो. तो वारसा कोणी चालवला हे मात्र नावाने ठरत नाही.

ही चाल केवळ आपलीच आहे असेही नाही. स्कॉटलंडमध्ये तर तिला जवळजवळ नियमाचे रूप आले होते. पहिल्या मुलास वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्यास आईच्या वडिलांचे, तिसऱ्यास खुद्द वडिलांचे. पहिल्या मुलीस आईच्या आईचे, दुसरीस वडिलांच्या आईचे, तिसरीस आईचे, असा क्रम तेथील पुष्कळ घरे पाळीत. देश सोडून कॅनडात आणि न्यूझीलंडमध्ये जाऊन राहिलेल्या स्कॉटिश कुटुंबांनी हा क्रमही बरोबर नेला. आमच्यासारख्यांनी या क्रमातली एक गोष्ट आवर्जून पाहावी. तेथे आईकडच्या आजोबांची आणि आजीची पाळी ठरलेली आहे. पहिल्या मुलीच्या बाबतीत तर आईच्या आईचा मान पहिला आहे. आपल्याकडे 'घराण्याचे नाव' म्हटले की कोणते घराणे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्या जुन्या घरांत या चालीला एक चमत्कारिक शेपूट होते. आजोबांचे नाव नातवास देत. पण सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही, हाही नियम तितकाच कडक होता. मग आईने आपल्या मुलास हाक कशी मारावी? यातून घरोघरी नाना, अण्णा, तात्या, बापू, बाळ अशी दुसरी नावे निघाली आणि पुष्कळदा तीच जन्मभर टिकली. बाळाजी बाजीरावांस आज आपण नानासाहेब म्हणूनच ओळखतो. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. जगाने घेतले ते घरातले 'बाळ'. म्हणजे पूर्वजाचा आदर प्रथम त्याचे नाव ठेवून करावयाचा, आणि मग ते नाव न घेऊन करावयाचा. हा विनोद वाटला तरी त्यात एक मर्म आहे. त्या काळी आजोबांची स्मृती नावाच्या आधारावर उभी नव्हती. ती ओसरीवर, शेतात, श्राद्धाच्या पानावर आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात जिवंत होती. नाव तिच्या आधाराने चालत होते. आज आम्हां परगावच्यांची अपेक्षा नेमकी उलटी आहे. बाकी सारे आधार मागे सुटलेले, आणि एकट्या नावाने सगळी स्मृती वाहावी असे आम्हांस वाटते. एकट्या नावाच्या अंगी तेवढे बळ असते काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुस्तकात शोधावे लागले नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी कन्या जन्मली, आणि तीस आमच्या आजीचे, म्हणजे वडिलांच्या आईचे, नाव द्यावे असे सर्वानुमते ठरले. आजीने अतिशय ओढगस्तीच्या दिवसांत पाच मुलांना शिकवले होते. तिचा मान राखावयाचा यात दुमत नव्हते. शिष्टाचार म्हणून आम्ही आजीच्या धाकट्या बहिणीस, म्हणजे आमच्या मावशीआजीस, दूरध्वनीवरून ही वार्ता कळवली. नव्वदी ओलांडलेल्या त्या बाईंनी क्षणभर थांबून विचारले, "कोणते नाव ठेवताय? तिचे, की तुमच्या घराने दिलेले?"

आजीस सासरी लक्ष्मीच्या अनेक नावांपैकी एक नाव मिळाले होते. तेच आम्हांस ठाऊक. शिधापत्रिकेवर तेच, बँकेच्या पुस्तकावर तेच, आणि मृत्यूच्या दाखल्यावरही तेच. माहेरचे तिचे नाव गोदावरी होते. नाशिककडचे घर, मुलगी झाली तर गोदावरी हे ओघानेच आले. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले, आणि गोदावरी हे नाव त्या दिवसापासून कोणत्याही कागदावर उमटले नाही. आमच्या वडिलांनीही ते कधी ऐकलेले नव्हते. ते नाव जिवंत होते ते केवळ एका वृद्ध बहिणीच्या तोंडी.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, कोणत्या मुलीशी विवाह करू नये याच्या यादीत, नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावे असलेल्या मुलींचा समावेश आहे. मराठी आईबापांनी या वचनाची पर्वा केलेली दिसत नाही. आपली जुनी घरे गंगा, यमुना, कृष्णा, नर्मदा, भागीरथी आणि गोदावरी यांनी भरलेली होती. पण या नद्या माहेरापुरत्याच वाहत. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये कल्याणास जन्मल्या तेव्हा त्यांचे नाव यमुना होते. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. या तीन थोर घरांत तीन नद्या लग्नाच्या मांडवापर्यंत आल्या आणि तेथून पुढे दुसऱ्या नावाने वाहू लागल्या. त्यांच्या नावाने आज कोणी आपल्या मुलीचे नाव ठेवील तर आनंदी ठेवील, रमा ठेवील. यमुना ठेवील असा एखादाच.

आता येथे दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण आमच्या घरात ती मांडली गेली. आमचे एक वडीलधारे काका म्हणाले, "बाबा रे, ती साठ वर्षे ज्या नावाने जगली ते नाव तिचे नव्हे असे म्हणणारे तुम्ही कोण? नाव दुसऱ्याने दिले खरे. पण माहेरचे नाव तरी तिने स्वतः कोठे घेतले होते? ज्या नावाने तिने भाकऱ्या बडवल्या, कर्ज फेडले, मुले वाढवली, ते नाव तिने कष्टाने आपले केले. तुम्ही ते आज परके ठरवलेत तर तिच्या साठ वर्षांचाच अवमान होईल." या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते थोडे नाही. दिलेले नाव माणूस वापरून वापरून आपले करतो, जशी बदलीच्या गावची खोली राहून राहून आपली होते. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या त्या आनंदीबाई म्हणूनच; ते नाव पतीने दिलेले असले तरी त्यावरची कीर्ती त्यांची स्वतःची आहे.

परंतु आमच्या पत्नीने या युक्तिवादास जे उत्तर दिले ते आम्हांस अधिक पटले. ती म्हणाली, "ते नाव आजींनी मोठे केले हे खरेच आहे, म्हणून ते विसरले जाणार नाही. ते कागदोपत्री आहे, पाच मुलांच्या मनात आहे. दुसऱ्या नावाला कोण आहे? मावशीआजी गेल्या की ते संपले. लग्नात माझे नाव कोणी बदलले नाही. ज्यांचे बदलले त्यांतल्या एकीचे तरी परत आणू या." वारसा जपावयाचा म्हणजे जे आधीच सुरक्षित आहे त्याला आणखी एक कुलूप लावणे नव्हे, जे निसटत चालले आहे ते धरणे, हा विचार आम्हांस त्या दिवशी स्पष्ट झाला. अर्थात यानेही सर्वांचा न्याय झाला असे नाही. स्कॉटिश क्रमाने पाहता पहिला मान पत्नीच्या आईचा होता. एका मुलीस नाव एकच देता येते, आणि प्रत्येक निवडीत कोणीतरी मागे राहतेच. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव घालण्याचा निर्णय घेतला, तोही अशाच एका जुन्या उणिवेची भरपाई आहे.

नाव कागदावरून पुसले गेले तरी माणसांच्या बोलण्यात ते किती काळ टिकू शकते, याचा एक दाखला स्कॉटलंडच्याच इतिहासात आहे. तेथील मॅकग्रेगर या कुळावर राजाची इतराजी झाली आणि १६०३ मध्ये ते नाव धारण करण्यासच देहदंडाच्या धाकाने मनाई झाली. मनाई मध्यंतरी उठली, पुन्हा लागू झाली, आणि कायमची रद्द झाली ती १७७४ मध्ये. या दीर्घ काळात त्या कुळातील माणसे दुसऱ्या आडनावांनी जगली, व्यवहार केले, मेली. परंतु आपण कोण हे ती विसरली नाहीत, आणि बंदी उठल्यावर कित्येकांनी जुने नाव पुन्हा धारण केले. नाव नसतानाही कहाणी टिकली म्हणून नाव परत आले. याच्या उलट प्रकार, म्हणजे कहाणी नाही आणि नुसते नाव आहे, तेथे काय टिकते? आमच्या मते, काहीच नाही. नाव त्या घरात रिकाम्या वाड्यावरच्या पाटीसारखे राहते.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळू. पूर्वजांचे देणे आपण फेडावे हे ठीक. पण ते मुलाच्या खिशातून का? गोदावरी हे नाव चंदीगडच्या शाळेत चमत्कारिक वाटणार. घरी लाडाने गोदा म्हणावे तर पंजाबीत 'गोडा' म्हणजे गुडघा; वर्गातली पोरे एवढा उच्चारभेद थोडाच पाळणार आहेत? शिवाय नाव हे पूर्वीपेक्षा आज अधिक घट्ट चिकटते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मुलाचा जन्म नावाशिवायही नोंदवता येतो आणि नाव मागाहून भरण्यास नियमांनी पुरेसा अवधी ठेवला आहे. पण एकदा ते भरले, की २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांस शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा आहे. पुढे नाव बदलावयाचे तर प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील जाहिरात आणि राजपत्रातील प्रसिद्धी, एवढी वाट चालावी लागते. ही वाट आम्ही कचेरीत बसून नेहमी पाहतो. तेव्हा मुलास हौसेखातर काहीही नाव देण्याची मुभा आईबापांस नाही, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. माणूस हे कोणाचे स्मारक म्हणून जन्मास येत नाही.

या शहराचा रचनाकारच या बाबतीत एक उत्तर देऊन गेला आहे. ल कॉर्बुझिए या नावाने आपण ज्यांना ओळखतो, त्यांचे जन्मनाव शार्ल-एदुआर जानेरे होते. कुळातील एका पूर्वजाच्या 'लकॉर्बेझिए' या नावात थोडा फेर करून १९२० मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी ते नवे नाव आपल्या लेखांखाली घालावयास आरंभ केला. पूर्वजाचे नाव त्यांच्यावर कोणी लादले नाही. त्यांना ते हवेसे वाटले, म्हणून त्यांनी ते उचलले आणि आपल्या सोयीने वळवून घेतले. वारसा घेण्याची खरी रीत हीच, असे कोणी म्हणेल. पण उचलता यावे यासाठी ते नाव कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोहोचवले होते, हे विसरून चालणार नाही. जे पोहोचलेच नाही ते घेण्याचे स्वातंत्र्य कोणास असते? मुलापुढे ठेवणे आईबापांचे काम. उचलावे की नाही हे मुलाचे.

आणि परक्या मुलखात आपले नाव सदैव परकेच ठरते, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. आमच्या शेजारी शीख कुटुंब राहते. त्यांच्याकडे मुलाचे नाव आजोबांवरून ठरत नाही. गुरुद्वारात ग्रंथसाहिब उघडतात, जे पद निघेल त्याचे पहिले अक्षर घेतात, आणि त्या अक्षरावरून नाव ठेवतात. वंशाऐवजी वचनाशी नाते जोडण्याची ही रीत आम्हांस फार उदात्त वाटली. पण त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. म्हणजे पंजाबातल्या कोणत्याही घरी, कोणत्याही सकाळी, नामदेवांच्या पदाचे पहिले अक्षर एखाद्या बाळाच्या नावास लाभू शकते. नरसीचा एक शिंपी सात शतकांपूर्वी इकडे आला, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे राहिला, आणि या भूमीने त्याला भगत नामदेव म्हणून आपला केला. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले ते याच नात्याने. नामदेवांचे नाव येथे टिकले ते त्यांच्या वंशजांनी लावले म्हणून नव्हे. लोकांनी ते रोज म्हटले म्हणून.

आमच्या कन्येचे नाव ऐकल्यावर शेजारच्या वृद्ध सरदारजींनी हात जोडले. आम्हांस क्षणभर उलगडा झाला नाही. मग ते म्हणाले, "गोदावरी! हजूर साहिब!" गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो नांदेडला, गोदावरीच्या काठी. तेथील गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी बांधवला, आणि आजही सचखंड एक्स्प्रेस अमृतसरहून यात्रेकरूंना घेऊन नांदेडला जाते. जे नाव आम्ही पंजाबात विचित्र वाटेल म्हणून भीत होतो, ते त्या घरात देवघरातल्या शब्दासारखे निघाले. आम्ही ज्या नदीस नाशिकची समजत होतो, ती त्यांच्या लेखी गुरूंची नदी आहे. वारसा आपल्या मालकीचा असतो ही आमची कल्पना त्या दिवशी बरीच सैल झाली. एकाच नावात दोन घरांच्या आठवणी सुखाने राहू शकतात.

आता मूळ प्रश्नाचा निकाल. पूर्वजाचे नाव मुलास द्यावे काय? आमचे मत असे की, द्यावे. पण तीन गोष्टी पत्करून द्यावे. पहिली ही की, ज्याचा मान राखावयाचा त्याची नीट चौकशी करावी. आपल्या सोयीचे आजोबा आणि कागदावरची आजी यांच्यापलीकडे खरी माणसे असतात. त्यांना ओळखणारे कोणी हयात असेल तोवर विचारून घ्यावे. दुसरी ही की, नावाबरोबर त्याची कहाणी द्यावी, आणि ती सगळी द्यावी. आमच्या मुलीस आम्ही सांगू की गोदावरी नावाच्या एका मुलीचे नाव एके दिवशी तांदळांवर लिहून बदलण्यात आले. ते बदलणारे आपलेच लोक होते, आणि त्यांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. घराण्याचा अभिमान सांगताना घराण्याने काय हिरावून घेतले तेही सांगितले नाही, तर तो अभिमान अर्धा खोटा होतो. तिसरी गोष्ट ही की, मुलाने ते नाव पुढे टाकले, बदलले, किंवा नुसते गोदा म्हणून हसण्यावारी नेले, तरी त्यास कृतघ्न म्हणावयाचे नाही.

कारण ऋण त्याचे नव्हेच. नाव मागितले कोणी, दिले कोणी, आणि देताना पूर्वजाच्या स्मृतीची हमी घेतली कोणी, याचा हिशेब मांडला तर सर्व नोंदी देणाऱ्याच्याच बाजूस पडतात. आजवर आपण मुलास सांगत आलो की नावाला जाग. वस्तुतः हे वाक्य बारशाच्या दिवशी पाळण्याकडे नव्हे, पाळण्याभोवती उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे पाहून म्हटले पाहिजे. ज्या घरात आजीचे नाव मुलीस आहे पण आजीची भाषा कोणी बोलत नाही, तिची हकिगत कोणी सांगत नाही, तिच्या गावची वाट कोणास ठाऊक नाही, त्या घरात नावाला कोणीच जागलेले नाही, मग मुलगी पुढे कितीही मोठी होवो. आणि जेथे हे सारे होत असते, तेथे मुलाकडून वेगळे जागणे मागावेच लागत नाही. महाराष्ट्रापासून शेकडो कोसांवर नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांस बदलीच्या हुकमाबरोबर गावे सोडावी लागतात; कहाणी सांगण्याचे काम मात्र कोणत्याही गावी करता येते, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.